पिवळी कॅसेट : शेगावातल्या घरगुती व्हिडिओ गेमचा कागद नसलेला इतिहास

शेगावचा इतिहास लिहू पाहणाऱ्याला साधनांची वानवा नाही. श्री गजानन महाराजांचं २३ फेब्रुवारी १८७८ चं प्रकटणं, ८ सप्टेंबर १९१० ची समाधी, दासगणूंनी १९३९ साली रचलेली २१ अध्यायांची पोथी, संस्थानचे अहवाल, हावडा-मुंबई मार्गावरच्या स्टेशनाची कागदपत्रं, खामगाव-अकोल्याच्या कापूस बाजाराच्या नोंदी, असं पुष्कळ हाताशी आहे. पण १९९० नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत इथल्या पोरांनी दुपारी दार लोटून काय केलं, हे शोधायला गेलात तर एक ओळ सापडत नाही. त्या काळात गावातल्या कितीतरी घरांतल्या टीव्हीला एक करडं, हलकं, प्लास्टिकचं यंत्र जोडलेलं असे. त्याची पावती नसे, असलीच तर तिच्यावर 'टीव्ही गेम १ नग' एवढंच. हमीपत्र नसे. कोणी बनवलं ते नीट लिहिलेलं नसे. आमच्या पिढीचं बालपण ज्या वस्तूभोवती गेलं तिच्यावर कर्त्याचं नावच नव्हतं, आणि नाव नसलेल्या वस्तूंचा इतिहास लिहायला अभ्यासक सहसा बसत नाहीत.

मी बसलो, त्याचं कारण एक वही. तिच्याकडे येतोच. आधी यंत्राचं मूळ सांगायला हवं.

निन्टेन्डो या जपानी कंपनीनं जुलै १९८३ मध्ये एक यंत्र बाजारात आणलं. त्याचं नाव 'फॅमिली कॉम्प्युटर', लोकांच्या तोंडी 'फॅमिकॉम'. लक्षात घ्या, खेळणं म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूच्या नावातच संगणक होता. योगायोग असा, की १९८३ हेच शेगावच्या संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालयाचंही स्थापनेचं साल. म्हणजे गावाच्या एका टोकाला संगणकाच्या शिक्षणाची जमीन तयार होत होती, आणि हजारो मैलांवर ते यंत्र जन्माला येत होतं ज्याची नक्कल बारा वर्षांनी आमच्या घरी येणार होती. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. पुढे आला, तोही वाकड्या वाटेनं.

इंग्लंडातली त्या वेळची मुलं स्पेक्ट्रम किंवा कमोडोर अशा छोट्या घरगुती संगणकांवर खेळत. साध्या टेपरेकॉर्डरवर कॅसेट लावायची, पाच-सात मिनिटं किरकिर ऐकायची आणि मग खेळ सुरू. भारतात ही लाट आली, पण आमच्यापर्यंत पोचली नाही. 'डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स'नं १९८६ मध्ये परवान्यानं 'डीबी स्पेक्ट्रम' काढला. तो मोठ्या शहरांतल्या हौशी घरांत राहिला. सरकारनं १९८४-८५ मध्ये शाळांसाठी 'क्लास' नावाची योजना आणली आणि सुरुवातीला देशातल्या २५० शाळांना ब्रिटिश बनावटीचे 'बीबीसी मायक्रो' देऊ केले. आमच्या शाळेत संगणक आला तो बराच नंतर, आणि आला तेव्हा त्याला आमच्यापेक्षा बरी खोली मिळाली. बूट बाहेर काढायचे, हात पुसायचे, तिघांत एक खुर्ची. कळफलकाला हात लावण्यापेक्षा धुळीचं प्लास्टिक काढण्यात आणि घालण्यात तास जाई.

म्हणून आमच्याकडे घरगुती संगणकाची जागा टीव्ही गेमनं घेतली. तैवान आणि चीनमधल्या कारखान्यांनी फॅमिकॉमच्या नकला काढल्या. आधी मुळातल्यासारखे वेगवेगळे भाग जोडून, आणि नव्वदच्या दशकात सगळं एकाच चिपमध्ये कोंबून. यंत्र उघडलं की हिरव्या पट्टीवर काळ्या डांबराचा एक थेंब दिसायचा. त्या थेंबाखाली निन्टेन्डोची सगळी विद्या. किंमत त्यामुळेच उतरली. रशियात हीच नक्कल 'डेंडी' नावानं घरोघरी गेली. आपल्याकडे सामुराई, मीडिया, लिटल मास्टर, टर्मिनेटर अशी नावं आली. दिल्लीचं पालिका बाजार, मुंबईचं लॅमिंग्टन रोड आणि मनीष मार्केट, तिथून अकोला, अकोल्याहून आम्ही. अकोला रेल्वेनं ४० किलोमीटरही नाही. आमचं यंत्र काकांनी १९९५ च्या दिवाळीत पॅसेंजरनं आणलं, फटाक्यांच्या पिशवीखाली लपवून.

ते चालू करणं हा विधीच होता. अँटेनाची वायर काढून यंत्राची लावायची, मग टीव्हीच्या झाकणाआडची बारीक चक्री नखानं फिरवत मुंग्यांतून चित्र शोधायचं. सापडलं तरी आडवं वाहत असे. दूरदर्शनच्या बातम्यांच्या वेळी वायर पुन्हा जागेवर हवी, नाहीतर बाबांचा आवाज चढे. 'गेमनं पिक्चर ट्यूब जाते' ही समजूत गावभर होती. ती अगदीच खोटी नव्हती. एकच स्थिर चित्र तासन् तास ठेवलं तर काचेमागच्या लेपावर त्याचा डाग राहतो. पण रविवारच्या दोन तासांत काही जात नसे. गेम बंद करण्याचं ते सोयीचं कारण होतं, आणि टीव्ही मेकॅनिककाकांनी ते सांभाळून ठेवलं होतं, कारण ट्यूब कशानंही गेली तरी दोष गेमवर जाई.

आता 'कॅसेट' या शब्दाबद्दल. यंत्रात खुपसायच्या त्या पिवळ्या प्लास्टिकच्या ठोकळ्याला आम्ही सगळे कॅसेटच म्हणत असू. पुढे इंग्रजी वाचणाऱ्यांनी दुरुस्त केलं, की ते 'कार्ट्रिज', कॅसेटमध्ये फीत असते, यात कुठे आहे? मीही काही वर्षं ओशाळून कार्ट्रिज म्हणत होतो. पण जपानमध्ये या ठोकळ्याला मुलं काय म्हणत? 'कासेत्तो'. ज्या देशात वस्तू जन्मली तिथला रूढ शब्द तोच होता. आमची पोरं नकळत मूळ नावाशी प्रामाणिक राहिली होती.

शब्दांत आणखीही इतिहास आहे. हातात धरायच्या त्या बटणांच्या डबीला आम्ही 'रिमोट' म्हणत असू, जरी तिला हातभर वायर होती. मारिओ जे खाऊन मोठा होतो ती 'कुत्र्याची छत्री'. शेवटचा राक्षस तो 'बॉस' नव्हे, 'बाश्या'. आणि सगळ्यांत महत्त्वाचा शब्द 'जीव'. मारिओला तीन जीव, 'कॉन्ट्रा'तही तीन. 'कॉन्ट्रा'मध्ये दोघं खेळताना एकाचे जीव संपले की तो बटण दाबून जोडीदाराचा जीव उचलू शके, आणि मग गल्लीत ऐकू येई, 'माहा जीव कायले घेतला बे?' जीव वाढवायचा मंत्र होता. वर, वर, खाली, खाली, डावं, उजवं, डावं, उजवं, मग बी आणि ए. मिळतात ३० जीव. कोनामी कंपनीतले काझुहिसा हाशिमोतो यांनी १९८६ च्या 'ग्रेडियस' या खेळासाठी तो ठेवला होता; चाचणी करताना त्यांना स्वतःलाच तो खेळ फार कठीण जात होता. इंटरनेट तर सोडाच, फोनही मोजक्या घरांत असताना हा क्रम शेगावात कसा पोचला? मी विचारलेल्या प्रत्येकाचं उत्तर एकच, 'मामाच्या गावच्या पोरानं सांगितला.' उन्हाळ्याच्या सुट्ट्या हेच आमचं जाळं. खामगाव, मलकापूर, भुसावळ, नागपूर अशी रेल्वेच्या वाटेनं ही विद्या फिरली असणार. मौखिक परंपरा म्हणतात ती हीच, फक्त तिला ओवीबद्ध करणारा कोणी भेटला नाही.

कॅसेटच्या वेष्टनावर '९९९९९९ इन १' असं छापलेलं असे. यादी उघडली की खरंच शेकडो नावं, शेजारी एखादी संथ धून. प्रत्यक्षात आत दहा-वीस खेळ, आणि तेच पुनःपुन्हा, कुठे तिसऱ्या टप्प्यापासून सुरू होणारे, कुठे जीव जास्त, कुठे फक्त नाव बदललेलं. फसवणूक तर होतीच. पण पानामागून पान उलटत एखाद्या आकड्यामागे न पाहिलेला खेळ असेल या आशेवर कितीतरी दुपारी गेल्या, हेही खरं. खेळ सुरू होताना मूळ कंपनीचं नाव आणि साल दिसायला हवं, ती ओळ नक्कल करणाऱ्यांनी बहुधा खोडलेली असे. १९८४ च्या दुरुस्तीनं भारतात संगणकाची आज्ञावली लेखनस्वामित्वाच्या कायद्याखाली आली होती. गल्लीत त्याची वार्ता नव्हती. परिणाम असा, की 'सुपर मारिओ' कोणी केला हे मला तिशीत कळलं. शिगेरू मियामोतो हे नाव वाचलं तेव्हा ओळखीच्या माणसाचं आडनाव उशिरा समजावं तसं वाटलं.

ही यादीची फसवणूक ज्या व्यक्तीनं उलगडली ती माझी ताई. वही तिची. दोनशे पानी, पुठ्ठ्यावर फळांचं चित्र, नववीच्या भूगोलाची उरलेली पानं. दोन वर्षांपूर्वी घराची रंगरंगोटी काढली तेव्हा माळ्यावर सापडली. मागच्या बाजूनं उघडली की तिनं आखलेला तक्ता आहे : कॅसेटवरचा क्रमांक, यादीतलं नाव, 'खरं नाव' आणि शेरा. शेरे असे : '१ सारखंच, फक्त रात्र', '७ सारखंच, जीव ९', 'नाव खोटं', 'चांगला, कोणाला सांगू नये'. तीन कॅसेटींचे मिळून साडेतीनशेवर क्रमांक तिनं एकेक करून उघडून पाहिले आहेत आणि शेवटी लिहिलं आहे, 'एकूण खरे ४१'. शेगावच्या व्हिडिओ गेमच्या इतिहासाचं मला मिळालेलं हे एकमेव लिखित साधन. एखाद्या दप्तरातल्या मोडी रुमालासारखंच ते वाचावं लागतं. शाई बदलली की दिवस बदलला, पेन्सिल असेल तर परीक्षा जवळ आल्या असाव्यात.

गल्लीत एका घरी भाड्यानं गेम चाले. बाहेरच्या खोलीत टीव्ही, दाराला पडदा, रुपयाला दहा मिनिटं, भिंतीवरच्या घड्याळाखाली आजी बसलेली. कचोरीचे पैसे वाचवून आम्ही तिथे जात असू. आम्ही म्हणजे पोरं. ताईला तिथे जायची परवानगी नव्हती, तिच्या वर्गातल्या कोणत्याच मुलीला नव्हती. घरचं यंत्र आलं तेव्हाही संध्याकाळी ते माझं आणि माझ्या मित्रांचं, आणि ती आतल्या खोलीत. या लेखासाठी मी माझ्या वयाच्या वीस-बावीस जणांशी बोललो. पहिल्या पंधरा जणांत मी एकाही बाईला विचारलं नव्हतं हे वहीमुळे ध्यानात आलं. मग बायकांशी बोललो तेव्हा वेगळाच खेळ ऐकायला मिळाला. त्यांच्या आठवणी दुपारच्या आहेत. घरातली माणसं झोपलेली, टीव्हीचा आवाज पूर्ण बंद. कोजी कोंडो यांची मारिओची ती धून, जी आम्ही आजही शिट्टीवर वाजवतो, ती एकीनं पहिल्यांदा ऐकली ती थेट मोबाईलवर, लग्नानंतर. तोवर तिचा मारिओ मुका होता.

ताईशी अकोल्यात बोललो. ती तिथे शाळेत गणित शिकवते. मी 'डक हंट'ची आठवण काढली. बंदूक रोखून टीव्हीतली बदकं मारायची, नेम चुकला की कुत्रा गवतातून वर येऊन हसायचा. या बंदुकीतून काहीच सुटत नसे. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होई आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटे. बंदुकीच्या नळीतला डोळा तो उजेड दिसतो का एवढंच पाही. आजच्या सपाट टीव्हीवर चित्र किंचित उशिरा उमटतं, म्हणून ती बंदूक तिथे आंधळी आहे. मी म्हटलं, 'आठवतं का, आपलं बदक फार चलाख होतं. ऐन वेळी वळायचं.' ताई हसायला लागली. म्हणाली, 'तुमाले वाटे बदक हुशार हाय. बदक तं मी उडवो.' एकच बदक असलेल्या डावात रिमोट दुसऱ्याच्या हाती असेल तर त्यानं बदक वळवता येतं, ही सोय मूळ खेळातच आहे. ती मागे बसून, ओढणीखाली रिमोट धरून, माझ्या मित्रांची बदकं पळवत होती. आम्हाला खेळायला घेत नव्हतो तिला. ती खेळतच होती.

वहीत एका पानावर तिनं ढग आणि झुडूप काढलं आहे, शेजारी शेजारी, आणि खाली लिहिलं आहे, 'एकच चित्र, रंग वेगळा.' हे बरोबर आहे. 'सुपर मारिओ' सबंध ४० किलोबाइटमध्ये बसवलेला खेळ. आज मोबाईलवर येणारा सुप्रभातचा फोटोसुद्धा त्याहून बराच मोठा असतो. जागा वाचवायला तोच आकार पांढरा करून आकाशात ढग म्हणून ठेवला आणि हिरवा करून जमिनीवर झुडूप म्हणून. पुष्कळ वर्षांनी जगभर ही गोष्ट मोठ्या नवलानं सांगितली गेली. शेगावातल्या पंधरा वर्षांच्या मुलीनं ती आधीच टिपून ठेवली होती.

२००० च्या सुमारास दुकानांत नवा प्रकार आला. यंत्राला पूर्ण कळफलक, खोक्यावर चष्मा लावलेला मुलगा आणि 'लर्निंग कॉम्प्युटर' अशी अक्षरं. आत तोच डांबराचा थेंब, तोच फॅमिकॉम. पण 'कॉम्प्युटर' म्हटल्यावर आईबाबांचा खिसा उघडला. गावात दर वर्षी बाहेरगावची शेकडो इंजिनिअरिंगची पोरं येऊन भाड्यानं राहत होती, त्यांच्याकडे बघून प्रत्येक घराला संगणकाची ओढ लागली होती. फसवणूक म्हणावी तर म्हणता येईल. पण निन्टेन्डोनंच १९८४ मध्ये आपल्या यंत्रासाठी कळफलक आणि 'फॅमिली बेसिक' काढलं होतं, त्यात मुलांना स्वतः आज्ञावली लिहिता येई. नकलेतही बेसिक होतंच. जपानी मुलांना लिहिलेलं साठवायला टेपरेकॉर्डर जोडता येत असे. आमच्या नकलेत ती सोय नव्हती. वायर काढली, किंवा लाइट गेली, की सगळं पुसलं. आणि वऱ्हाडात लाइट जायची त्याचं काय सांगावं.

आम्ही त्या यंत्रावर आठवडाभर टाइपिंगचा खेळ खेळलो आणि कळफलक बाजूला सारला. मी पुढे एका भाडेकरू दादाच्या खोलीत पडीक राहू लागलो. त्याच्याकडे जोडणी केलेला खरा संगणक होता, त्यावर जॉन रोमेरोचा 'डेव्ह', जॉर्डन मेकनरचा 'प्रिन्स ऑफ पर्शिया', नंतर 'रोड रॅश'. त्या खोल्यांवर स्वतंत्र लिहायला हवं. यात्रेकरूंच्या लॉजशेजारी एकाच वायरीनं चार संगणक जोडून रात्रभर चालणारी युद्धं हा शेगावचा अगदी स्वतःचा प्रकार आहे. तिथेही मुली नव्हत्या, हे आता निराळं सांगायला नको.

ताई मात्र कळफलकाशी बसून राहिली. वहीची शेवटची अकरा पानं बेसिकनं भरली आहेत. पेन्सिलनं, ओळींना १०, २०, ३० असे आकडे देऊन. मधे ओळ घालावी लागली तर जागा हवी म्हणून दहादहाच्या अंतरानं, हे तिला कोणी सांगितलं? 'पुस्तकात होतं,' ती म्हणाली. यंत्राबरोबर मोडक्या इंग्रजीतली एक पातळ पुस्तिका येई, ती आम्ही खोक्याबरोबर टाकली होती. तिनं उचलली होती. यंत्र काही साठवत नव्हतं म्हणून ती कागदावर साठवत होती. रोज दुपारी वहीतून पाहून सगळं पुन्हा टंकायचं, चालवायचं, पुढच्या चार ओळी घालायच्या, त्या वहीत उतरवायच्या आणि यंत्र बंद करायचं. पहिली आज्ञावली २९ चा पाढा म्हणते. तिसरी एक ते शंभरमधला आकडा ओळखायला लावते. शेवटची, जवळजवळ तीन पानांची, एक खेळ आहे. बदक डावीकडून उजवीकडे जातं, खेळणाऱ्यानं ते वळवायचं, आणि बंदूक यंत्राच्या हातात. सरकणाऱ्या चित्रांसाठी त्या बेसिकमध्ये स्वतंत्र आज्ञा होत्या, त्या तिनं वापरल्या आहेत. ओळ ३४० नंतर पान फाटलं आहे.

बारावीनंतर तिला गावातल्याच अभियांत्रिकी महाविद्यालयात जायचं होतं, सायकलनं जाता येईल एवढं जवळ. घरात तेव्हा एकाच्याच खर्चाची ऐपत होती आणि मी दोन वर्षं मागे होतो. ती बी.एस्सी. झाली. या वाक्यात नवीन काही नाही, आमच्या भागातल्या पुष्कळ घरांत ते जसंच्या तसं चालेल. पण वहीशेजारी ठेवून वाचलं की वेगळं वाटतं.

माझ्या हाती आजवर जमलेली साधनं अशी : नऊ कॅसेटी, त्यांतल्या पाच चालू, एक यंत्र, जे एका मित्राच्या शेतातल्या खोलीत मोटारीच्या स्टार्टरशेजारी सापडलं, बंदूक एक, चाप तुटलेली, आणि वही. कॅसेटींचे पितळी दात खोडरबरानं घासले की चालतात. लहानपणी आम्ही फुंकर मारत असू. फुंकरीनं नव्हे, काढून पुन्हा खुपसल्यानं त्या चालत; तोंडातल्या ओलीनं उलट दात गंजत. चालू पाचपैकी तीन वहीतल्या तक्त्याशी ताडून पाहिल्या. दोन जुळतात. तिसरी निराळ्या खेपेची असावी, तिच्यात ताईच्या यादीत नसलेला एक खेळ आहे, क्रमांक २१८ वर.

तिला फोन करून सांगितलं. 'नाव काय लिहिलं हाय?' तिनं विचारलं. मी वाचून दाखवलं. 'नाव खोटं असन,' ती म्हणाली. 'उघडून पाह्य, अन् शेऱ्याची जागा सोड. मी रविवारी येतो.'